लव्हाळा उपटू नका, त्याची गाठ काढा

पावसाळ्यात लॉन कापल्यावर तिसऱ्या-चौथ्या दिवशी काही पाती बाकीच्या गवताच्या बोटभर वर आलेली दिसतात. रंग जरा पोपटी, पातं चकचकीत. हात लगेच उपटायला जातो. तो हात थांबवा आणि आधी वाकून बघा. तुरा आला असेल तर त्याची दांडी चिमटीत धरून फिरवा. हराळीची दांडी गोल फिरते आणि मध्ये पेरं लागतात. लव्हाळ्याच्या दांडीला पेर नसतं आणि तिच्या तीन धारा बोटाला स्पष्ट लागतात. तुरा नसेल तर वरून बघा, पानं तीन दिशांना फुटलेली दिसतील. तो लव्हाळा, म्हणजेच नागरमोथा. त्याला नुसतं ओढलंत तर पातं हातात येतं आणि खरं झाड जमिनीतच राहतं.

मी पुण्यात 24 वर्षं माळीकाम करतो. त्याआधी कराडकडे आईबरोबर उसात भांगलायला जायचो. आई खुरपं उभं घालायला लावायची, आडवं मारलेलं तिला चालायचं नाही. तेव्हा कारण कळलं नव्हतं. ते तुम्हाला स्वतःच्या डोळ्यांनी बघायचं असेल तर एकच रोप नीट काढून बघा. जमीन वाफशावर असताना, म्हणजे माती हाताला चिकटत नाही पण मुठीत दाबली तर गोळा होतो अशा वेळी, रोपापासून चार बोटं लांब खुरपं उभं घाला आणि वीतभर खोलीवरून ढेकूळ उचला. तळहातावर हलक्या हाताने फोडा. पात्याखाली पांढरा कोंब, त्याखाली जरा फुगलेला बुडखा, आणि त्यातून आडवा निघालेला शिवणाच्या दोऱ्यासारखा तपकिरी धागा दिसेल. धागा तोडू नका, त्याच्या मागे मागे जा. दोन-तीन इंचांवर हरभऱ्याएवढी काळी, केसाळ गाठ लागते. तिच्यातून पुढे दुसरा धागा, पुढे दुसरी गाठ. नखाने खरवडलीत तर आत पांढरी, आणि वास थेट दिवाळीच्या उटण्याचा. उटण्यात घालतात तो नागरमोथा म्हणजे याच जातकुळीच्या गाठी.

या माळेत बहुतेक वेळा टोकाचीच गाठ फुटते, मागच्या झोपून राहतात. माळ तोडली की प्रत्येक गाठ सुटी होते आणि आपापला कोंब वर काढते. म्हणून भर पावसात कुदळीने लव्हाळा खणणं म्हणजे त्याची लागवड करणं. 2011 च्या जुलैमध्ये मी हे स्वतःच्या हाताने केलंय. बाणेरच्या एका सोसायटीतलं तीन गुंठ्यांचं लॉन लव्हाळ्याने भरलं होतं. दोन माणसं घेऊन चार दिवसांत सगळं खणून काढलं, दिसेल ते गवत वेचलं, वरून हराळी टोचली. गणपती येईपर्यंत तिथे हराळी शोधावी लागत होती, लव्हाळा मात्र पेरल्यासारखा एकसारखा उभा. त्या लोकांचे पैसे गेले आणि मला ते काम पुढच्या उन्हाळ्यात पुन्हा पहिल्यापासून करावं लागलं.

दुसऱ्या वेळी केलं ते असं. मार्चअखेर पाणी बंद. जमीन तापून भेगा पडायला लागल्यावर, एप्रिलच्या मध्याला, टिकावाने नऊ-दहा इंच खोल खणून ढेकळं तशीच उलथी टाकली. फोडली नाहीत. लव्हाळ्याची गाठ पुराला दाद देत नाही, पण वाळली की मरते, आणि ढेकळं मोठी असली की त्यांच्या फटींतून ऊन आणि वारा खेळतो. दर चार-पाच दिवसांनी ढेकळं पलटली. मेच्या तिसऱ्या आठवड्यात ती फोडून माती वाळूच्या चाळणीतून चाळली आणि वर राहिलेल्या गाठी घमेल्यात गोळा केल्या. या काळात एक वळवाचा पाऊस झाला तरी मेहनत निम्म्याने वाया जाते. म्हणून आभाळ भरून आलं तर ढेकळांवर ताडपत्री टाका आणि पाऊस थांबला की लगेच काढा.

जागा लहान असेल, खणण्याइतकी मोकळी नसेल, तर पारदर्शक प्लॅस्टिकचा उपाय आहे. एप्रिल-मेमध्ये जमीन सपाट करून भरपूर पाणी द्यायचं, त्यावर पातळ पारदर्शक कागद ताणून अंथरायचा, कडा मातीत गाडायच्या आणि सहा आठवडे हात लावायचा नाही. वरच्या थरातलं तणांचं बहुतेक बी भाजून निघतं. लव्हाळ्याच्या खोल गाठी यात मरत नाहीत, त्यामुळे याला पूर्ण इलाज समजू नका. पण काळ्या कागदापेक्षा हा बरा. काळ्याखाली अंधार असतो, कोंब सुईसारखा टोकदार राहतो आणि कागदाला भोक पाडून वर येतो. पारदर्शक कागदाखाली त्याला उजेड मिळतो, पानं तिथेच उघडतात आणि अडकून होरपळतात.

आता लॉन चांगलं आहे, फक्त कुठे कुठे लव्हाळा आहे, अशी स्थिती बऱ्याच जणांची असते. तिथे खणू नका. जून ते ऑक्टोबर दर बारा-चौदा दिवसांनी, वाफशावर, प्रत्येक रोप वर सांगितल्याप्रमाणे बुडख्यासकट काढा. कोंब वर आल्यावर तीन-चार आठवड्यांत तो नव्या गाठी धरायला लागतो. त्याआधी काढलात तर जुन्या गाठीची साठवण खर्च होते आणि नवी भर पडत नाही. दोन पावसाळे हे नेमाने केलं तर फरक दिसतो. मध्ये एक महिना गावाला गेलात तर जवळजवळ पहिल्यापासून सुरुवात. वाफ्यांमध्ये मात्र सावलीचा उपयोग करा, कारण लव्हाळ्याला सावली सोसत नाही. रताळ्याचा वेल किंवा दाट लावलेला झेंडू त्याला चांगला दाबतो.

लॉन फार खाली कापणं हे तण वाढण्याचं मोठं कारण आहे आणि लोक ते हौसेने करतात. हराळी किंवा सिलेक्शन नंबर वन (लॉनसाठी लावतात ती गवताची जात) दीड-दोन इंचांवर ठेवा आणि एका वेळी उंचीच्या तिसऱ्या हिश्श्याहून जास्त कापू नका. टक्कल पडलं की उघड्या मातीवर ऊन पडतं आणि तिथे पहिलं उगवतं ते तण. टक्कल दिसलं की त्याच आठवड्यात तिथे हराळीचे तुकडे टोचा. पाणी रोज शिंपडण्याऐवजी चार दिवसांनी भरपूर द्या. आंबुशी पसरली असेल तर वरचा थर कायम ओला राहतोय असं समजा. तिची शेंग पिकली की हात लागताच बी फुटभर उडतं, म्हणून पिवळी फुलं दिसताच काढा. घोळ आणि केना उपटून वाफ्याच्या कडेला टाकू नका. घोळ मांसल असते, उपटल्यावरही तिचं बी पिकत राहतं आणि केन्याचं पेर ओल्या मातीला लागलं की मुळं धरतं. कोवळी असतील तर दोन्हींची भाजी करा. ड्युरांटाच्या कुंपणावर पिवळी अमरवेल दिसली तर वेल ओढत बसू नका, ती चढलेल्या फांद्याच छाटून पोत्यात भरा. तिचा बोटभर तुकडा राहिला तरी पुन्हा पसरते.

गाजर गवताबद्दल मला जरा जास्त बोलायचंय, कारण ते फक्त बागेचं नुकसान करत नाही. माझ्याबरोबर काम करणाऱ्या एका मावशींनी सात-आठ वर्षं ते उघड्या हाताने उपटलं. आता ते नुसतं जवळ असलं तरी त्यांच्या पापण्या सुजतात आणि मानेची कातडी जाड, काळपट झालीय. हातमोजे, पूर्ण बाह्या आणि तोंडाला रुमाल याशिवाय त्याला हात लावू नका, मुलांना तर अजिबात लावू देऊ नका. 1955 च्या सुमारास आपल्या पुण्यातच कचऱ्याच्या ढिगांवर ते पहिल्यांदा लोकांच्या नजरेत आलं आणि तिथून देशभर पसरलं. एका मोठ्या झाडाला हजारोंनी बी धरतं. म्हणून सगळा खेळ फुलाआधीचा आहे. मृगाचा पाऊस झाला की तीन-चार आठवड्यांत रोपं गाजराच्या पाल्यासारखी जमिनीलगत पसरतात. तेव्हा माती मऊ असते आणि मुळासकट अलगद येतात. विळ्याने कापू नका, बुडातून पुन्हा फुटतं. फुलाआधी काढलेलं खताच्या खड्ड्यात चालतं. पांढरी फुलं आलेलं मात्र खड्ड्यात टाकू नका.

पावसाळ्यात त्याच्या पानांवर मळकट पांढऱ्या पाठीवर तपकिरी नागमोडी रेघा असलेले छोटे भुंगेरे दिसले तर तिथे कसलंही कीटकनाशक मारू नका. हे मेक्सिकन भुंगेरे 1984 मध्ये बंगळुरात याच कामासाठी सोडले होते. ते आणि त्यांच्या अळ्या गाजर गवताची पानं खाऊन त्याची वाढ खुंटवतात. शेजारी मोकळा प्लॉट असेल तर मेअखेर तिथे टाकळ्याचं बी फेका. टाकळा पावसाबरोबर दाट उगवतो, गाजर गवताला जागा देत नाही आणि कोवळा असताना त्याची भाजी होते.

तणनाशकाबद्दल लोक हमखास विचारतात. गावाकडे उसात लव्हाळ्यावर हॅलोसल्फ्युरॉन मारतात, ऊस तगतो आणि लव्हाळा पिवळा पडतो. पण उसाचं रान वेगळं आणि गुलाब, टोमॅटो, तुळस शेजारी शेजारी असलेली बाग वेगळी. 2,4-डीचा फवारा वाऱ्याने सरकला तर शेजारच्या टोमॅटोची पानं दोन दिवसांत वळतात. ग्लायफोसेट लागलं तिथे लॉनही जळतं. मी घरगुती बागेत दोन्ही वापरत नाही. फरशांच्या सांध्यात उगवलेल्या गवतावर उकळतं पाणी ओततो. मीठ टाकायला सांगणारे भेटतात, त्यांचं ऐकू नका. मीठ मातीत राहतं आणि जवळच्या झाडांची मुळंही खराब करतं.

काढलेल्या लव्हाळ्याच्या गाठी खताच्या खड्ड्यात टाकू नका. गच्चीवर पत्र्यावर पसरून भर उन्हात पंधरा-वीस दिवस वाळू द्या, दोन बोटांत दाबल्यावर कुरकुरीत तुटली तरच मेली समजा.

आणि नवीन लॉनसाठी लाल माती मागवणार असाल तर एक काम आधी करा. माझ्या बघण्यातला अर्धाअधिक लव्हाळा अशा मातीतूनच घरात आलाय. पुरवठादाराकडून आधी एक पोतं आणा, तीन कुंड्यांत भरा, उन्हात ठेवा आणि रोज पाणी घाला. पंधरा दिवस थांबा. एका जरी कुंडीत तीन दिशांना पानं फुटलेलं पोपटी पातं वर आलं, तर त्या माणसाला ट्रॅक्टर आणू नको म्हणून सांगा.