हीटर कोमट, काटा खाली: आधी थर्मोस्टॅट पाहा

सोलापूरच्या उन्हात गाडी तापू नये म्हणून जुन्या गाडीचा थर्मोस्टॅट (इंजिन तापेपर्यंत पाणी रेडिएटरकडे जाऊ न देणारा वॉल्व्ह) काढून टाकणारे बरेच आहेत. माझ्या गाडीतही ती जागा रिकामी निघाली. मग पाणी सतत रेडिएटरमधून फिरतं, पुणे रोडवर तापमानाचा काटा खाली पडतो, हीटर कोमट राहतो, पेट्रोल जास्त जातं. उन्हाळ्यात फायदा शून्य, कारण तेव्हा थर्मोस्टॅट उघडाच असतो.

थंड इंजिन चालू करून रेडिएटरचा वरचा पाइप चाचपा, पंख्यापासून हात लांब ठेवून. सुरुवातीपासूनच हळूहळू कोमट होत गेला, तर थर्मोस्टॅट उघडा अडकलाय किंवा नाहीच. इंजिन तापल्यावर हीटरचे पाइप पाहा: एक गरम, एक थंड म्हणजे हीटरचा कोअर (आतला छोटा रेडिएटर) चोंदलाय किंवा हीटरचा वॉल्व्ह बंद; दोन्ही गरम, तरी हवा थंड म्हणजे गरम-थंड हवा वळवणाऱ्या फ्लॅपची केबल बिघडलीय. रेडिएटरचा फॅन सतत फिरेल असा डायरेक्ट जोडलेला असेल तर तोही टेम्परेचर स्विच आणि रिलेवर आणा.

नवा थर्मोस्टॅट कंपनीने दिलेल्याच अंशाला उघडणारा घ्या, आकडा त्यावर कोरलेला असतो. स्प्रिंग इंजिनकडे, हवेची पिन वर, गॅस्केट नवं. कॉन्सन्ट्रेट कूलंट आणि डिस्टिल्ड वॉटर निम्मं-निम्मं. बोअरचं पाणी नकोच, क्षार कोअरमध्ये बसतात. थंड इंजिनावर झाकण काढून, हीटर फुल गरमवर ठेवून, बुडबुडे थांबेपर्यंत इंजिन चालवा.