मीडियम-बॉडी सिगारची चव नेमकी कुठे बिघडते? या चुका टाळा

क्यूबाच्या ‘रोमिओ इ हुलिएता’ या १८७५ सालच्या ब्रँडचा शॉर्ट चर्चिल हा मीडियम-बॉडी, म्हणजे तोंडात मध्यम भरीव धूर देणाऱ्या सिगारचा सरळ, समजायला सोपा नमुना. लांबी १२४ मिलिमीटर, जाडी ५० रिंग. एक रिंग म्हणजे इंचाचा चौसष्टावा भाग, म्हणजे जाडी झाली जेमतेम २० मिलिमीटर. हाताने वळलेला, सावकाश ओढला तर पाऊण ते एक तास पुरणारा. यात देवदाराचा वास, भाजलेल्या दाण्यांचा खमंगपणा, कोको, थोडा गोडसर मातकटपणा असं बरंच काही सापडतं, पण सगळं सौम्य. फुल-बॉडी सिगार आपल्या जोरावर बऱ्याच चुका झाकून नेतो. मीडियमला ते जमत नाही. ओल थोडी जास्त झाली किंवा झुरके थोडे भराभर पडले की हे सगळे बारकावे जातात आणि तोंडात नुसता कडू धूर उरतो. पुढच्या जवळजवळ सगळ्या चुकांच्या मुळाशी या दोनच गोष्टी आहेत: ओल आणि उष्णता.

रंग पाहून जोर ठरवणं

गडद रॅपर (सिगारवर बाहेरून गुंडाळलेलं पान) म्हणजे कडक सिगार, हा समज फार पसरलेला आहे. मडुरो रॅपर काळपट होतो तो पान जास्त काळ आणि जास्त उष्णतेत आंबवल्यामुळे. त्याने उलट गोडवा वाढतो. सिगारचा जोर येतो मुख्यतः फिलरमधून, म्हणजे आत भरलेल्या पानांतून. क्यूबन पद्धतीत फिलरला तीन प्रकारची पानं लागतात. रोपाच्या खालच्या भागातलं व्होलादो नीट जळतं, मधलं सेको सुगंध देतं आणि वरचं, ऊन खाल्लेलं लिहेरो जोर देतं. लिहेरो जाड असतं, सावकाश जळतं, म्हणून ते मधोमध ठेवतात. मीडियम सिगारमध्ये लिहेरो असतं, पण बेताचं.

आणखी एक गल्लत म्हणजे बॉडी आणि स्ट्रेंग्थ एकच मानणं. बॉडी म्हणजे धुराचा तोंडातला भरीवपणा. स्ट्रेंग्थ म्हणजे निकोटिन किती लागतं ते. मीडियम-बॉडी सिगारही रिकाम्या पोटी डोकं गरगरवू शकतो.

साठवण: निम्मे सिगार इथेच बिघडतात

दुकानातून किंवा विमानतळावरून आणलेला सिगार त्याच संध्याकाळी पेटवू नका. प्रवासात त्याची बाहेरची पानं आणि आतली पानं वेगवेगळ्या ओलाव्यावर गेलेली असतात. योग्य आर्द्रतेत निदान दोन आठवडे पडू द्या. पुस्तकांत ७० टक्के आर्द्रता आणि २० अंशांच्या आसपास तापमान असा आकडा सापडतो. तो थंड खोलीसाठी ठीक. मुंबई, रत्नागिरी किंवा पणजीत खोलीचं तापमान सहज २८–३० अंश असतं. तिथे ७० टक्के म्हणजे बुरशी आणि किडीला निमंत्रण. आमच्या मते आपल्याकडे ६२ ते ६५ टक्केच ठेवावी. मीडियम सिगार त्या ओलाव्यावर जास्त स्वच्छ जळतो आणि चवही मोकळी लागते.

ओल जास्त असेल तर लक्षणं अशी: सिगार दाबल्यावर फुगलेला, थबथबीत लागतो, धूर ओढायला गाल आत जातात, दर पाच मिनिटांनी विझतो, आणि पेटल्यावर आतली पानं फुगून रॅपर तडकतो. कोरडा असेल तर दाबल्यावर कुरकुर आवाज येतो, धूर गरम आणि झोंबरा लागतो, तासाचा सिगार अर्ध्या तासात संपतो. कोरड्या सिगारला एकदम ओल देऊ नये. आधी ६२ टक्क्यांत दोन आठवडे, मग ६५ मध्ये आणखी दोन. घाई केली की रॅपर आधी फुगतो, आतलं पान मागे राहतं आणि शिवण उलते. शिवाय उडून गेलेली सुगंधी तेलं ओल देऊन परत येत नाहीत, हेही मान्य करावं लागतं.

लाकडी ह्युमिडॉर (सिगार योग्य ओलाव्यात ठेवायची पेटी) दिसायला देखणा, पण पावसाळ्यात बाहेर ८५ टक्के आणि मे महिन्यात नागपुरात दुपारी २०–३० टक्के अशा हवेत स्वस्त पेटीचं झाकण टिकाव धरत नाही. पंधरा-वीस सिगारांसाठी सिलिकॉन पट्टीचा, चारही बाजूंनी क्लिप लागणारा साधा हवाबंद डबा घ्या, त्यात ६५ टक्क्यांचा ६० ग्रॅमचा एक टू-वे पॅक ठेवा. हा पॅक ओल देतो आणि जास्तीची शोषूनही घेतो. तो हाताला कडक, वाळलेला लागला की बदला. ओला स्पंज, ओला कापूस किंवा सफरचंदाची फोड यांतलं काहीही डब्यात टाकू नये. त्यांना थांबायचं कुठे ते कळत नाही. लाकडी पेटीच वापरायची असेल तर आधी ८४ टक्क्यांचा पॅक घालून ती १४ दिवस बंद ठेवा. नाहीतर कोरडं लाकूड तुमच्या सिगारांतूनच पाणी ओढून घेतं.

आर्द्रता मोजणाऱ्या हायग्रोमीटरवर डोळे मिटून विश्वास ठेवू नका. बाटलीच्या झाकणात मीठ घ्या, थेंब थेंब पाणी घालून दाटसर लगदा करा (मीठ विरघळून जाता कामा नये), झाकण आणि हायग्रोमीटर झिपच्या पिशवीत बंद करून २४ तास ठेवा. काटा ७५ टक्के दाखवायला हवा. ७० दाखवत असेल तर प्रत्येक वेळी पाच मिळवा. काट्याचे स्वस्त हायग्रोमीटर बऱ्याचदा इतके चुकतात की तपासल्यानंतर टाकूनच द्यावेसे वाटतात, डिजिटल घ्या.

फ्रिजमध्ये सिगार ठेवणं ही तर हमखास होणारी चूक. फ्रिज हवा कोरडी करतो आणि तंबाखूचं पान शेजारच्या फोडणीचा, लोणच्याचा वास ओढून घेतं. फ्रीझरचा उपयोग एकाच कामासाठी: कीड. तंबाखूचा भुंगा, लासिओडर्मा सेरिकॉर्ने, पानातच अंडी घालतो आणि तापमान २४ अंशांच्या वर राहिलं की अळ्या बाहेर पडायचा धोका वाढतो. रॅपरवर टाचणीने टोचल्यासारखी गोल भोकं आणि डब्यात तपकिरी भुकटी दिसली की समजा. भोकं पडलेले सिगार फेकून द्या. बाकीचे दोन झिप पिशव्यांत, हवा काढून बंद करा. एक दिवस फ्रिजमध्ये, तीन दिवस फ्रीझरमध्ये, परत एक दिवस फ्रिजमध्ये, आणि मग पिशवी न उघडता खोलीच्या तापमानाला येऊ द्या. पिशवी आधी उघडलीत तर रॅपरवर दव धरतं. डबाही रिकामा करून पुसून घ्या.

पांढरा, लोकरीसारखा थर दिसला तर ती बुरशी. हे मुरलेल्या सिगारचं लक्षण आहे असं सांगणारा विक्रेता भेटला तर त्याच्याकडून घेऊ नका. पेटवायच्या टोकात आतपर्यंत बुरशी गेली असेल तर तो सिगार वाचवायचा विचारही करू नये.

कापताना

सिगारच्या तोंडाच्या टोकाला कॅप नावाचं छोटं गोल पान चिकटवलेलं असतं. त्यानेच रॅपर जागेवर राहतो. गोलाई जिथे संपून सरळ भाग सुरू होतो, त्याला खांदा म्हणतात. त्याच्या वरच कापायचं, दीड ते दोन मिलिमीटर, बस. खांद्याखाली पातं गेलं की रॅपर केळीच्या सालासारखा सुटत जातो आणि मग ओठांना तंबाखूचे तुकडे लागत राहतात. दोन पात्यांचा धारदार कटर घ्या आणि एका झटक्यात कापा. हळूहळू दाबलं तर कॅप चेचते. दातांनी किंवा किचनच्या सुरीने तर नाहीच. कॅप कोरडी वाटली तर ओलसर बोट फिरवून अर्धा मिनिट थांबा. टॉर्पेडोसारख्या निमुळत्या सिगारला आधी थोडं कापा, ओढून पाहा, लागलं तर आणखी कापा. त्याला पंच (कॅपला गोल भोक पाडणारा कटर) चालत नाही.

कापल्यावर न पेटवता दोन-तीन वेळा ओढून पाहा. जाड स्ट्रॉमधून थंड पेय ओढताना लागतो तेवढाच अडसर हवा. काहीच अडसर नसेल तर तो गरम जळणार. हवाच येत नसेल तर पेटवायच्या आधीच सिगार बोटांत हलकेच फिरवत, कडक लागेल तिथे दाबून मोकळा करा.

पेटवताना

पेट्रोलचा लायटर, मेणबत्ती आणि नुकतीच ओढलेली काडी, तिन्हींचा वास सिगारमध्ये उतरतो. ब्युटेनचा लायटर वापरा. काडीच असेल तर लांब घ्या आणि गुलाचा भाग जळून जाऊ द्या. ज्योत टोकाला भिडवायची नाही. ती दीड-दोन सेंटीमीटर खाली धरायची, सिगार तिरका, ४५ अंशांत, आणि १५–२० सेकंद सावकाश फिरवायचा. कडा काळी होऊन बारीक धूर निघू लागला की तोंडात घ्या आणि फिरवत फिरवत दोन-तीन हलके झुरके घ्या. मग टोकावर हळूच फुंकर घाला. कुठे लाल होत नसेल तर तेवढ्याच जागी ज्योत दाखवा. जोरदार ज्योतीचा टॉर्च लायटर अगदी जवळ धरला की पान भाजत नाही, कोळसा होतो, आणि पहिला तृतीयांश भाग कडू जातो.

आपल्याकडची खास अडचण म्हणजे डोक्यावरचा पंखा. एका बाजूने वारा लागला की ती बाजू पुढे जळत जाते आणि दोष मात्र सिगारला लावला जातो. पंखा बंद करा किंवा आडोशाला बसा.

वेग

ही सगळ्यात मोठी चूक, आणि सवय सिगारेटची असेल तर हमखास होणारी. झुरका ४५ ते ६० सेकंदांनी एक, तोही दोन-तीन सेकंदांचा, ओढून घेतल्यासारखा नाही. भराभर ओढलं की निखाऱ्याचं तापमान चढतं, जळत्या टोकामागची पानं करपतात, आणि त्यातून निघालेला कडवट डांबरट अर्क पुढच्या भागात साचतो. एकदा तो साचला की नंतर वेग कमी करूनही चव पूर्ण सुधारत नाही. राखेपासून दोन बोटं मागे हात लावून पाहा: कोमट असेल तर ठीक, चटका बसत असेल तर दोन मिनिटं खाली ठेवा. कडवटपणा जाणवायला लागला तर सिगारमधून उलटी, हलकी फुंकर मारा; कोंडलेला धूर बाहेर पडतो. मग अर्धा मिनिट थांबून पुढचा झुरका.

धूर फुप्फुसात घ्यायचा नाही. तोंडात फिरवून सोडायचा. सिगारचा धूर अल्कधर्मी असतो, त्यामुळे निकोटिन तोंडाच्या आतल्या त्वचेतूनच रक्तात जातं. घाम सुटला, मळमळलं, हातपाय गार पडले तर सिगार ठेवून द्या, मोकळ्या हवेत बसा, पाणी आणि काहीतरी गोड घ्या. जेवून तासाभराने पेटवलात तर ही वेळ सहसा येत नाही. आणि धूर आत घेतला नाही म्हणून सिगार निर्धोक ठरत नाही. तोंडाचा, घशाचा आणि अन्ननलिकेचा कर्करोग त्यानेही होतो. म्हणून सिगार ही क्वचितची गोष्ट असावी, रोजची नाही.

चवीचे बारकावे पकडायचे असतील तर चार-पाच झुरक्यांतून एकदा, बराचसा धूर तोंडातून सोडून उरलेला थोडासा नाकातून सोडा. दाणे, मसाला आणि लाकूड यांच्यातला फरक नाकालाच कळतो. सगळा धूर नाकातून काढलात तर डोळ्यांत पाणी येईल, बाकी काही कळणार नाही.

वाकडं जळणं, बोगदा, विझणं

एक बाजू मागे राहिली तर ती बाजू खाली करून धरा. दोन-तीन झुरक्यांत बहुतेक वेळा बरोबरी होते. फरक सेंटीमीटरच्या पुढे गेला तरच मागच्या कडेला लायटर लावा. आतून जळत जाऊन बाहेरचं पान तसंच राहिलं तर त्याला बोगदा म्हणतात. त्याचं कारण जवळजवळ नेहमी ओलसर बाइंडर (रॅपरच्या आत फिलरला बांधून ठेवणारं पान) किंवा फार मोठ्या अंतराने घेतलेले झुरके. राख झाडा, उभं राहिलेलं रॅपरचं कडं जाळून टाका आणि पुढच्या वेळी पेटीची आर्द्रता दोन-तीन टक्क्यांनी कमी करा.

विझला तर घाबरण्यासारखं काही नाही. राख झाडून, एकदा उलट फुंकून, पुन्हा भाजून पेटवा. हे तासाभराच्या आत व्हायला हवं. दुसऱ्या दिवशी पेटवलेला अर्धा सिगार राखदाणीसारखाच लागतो.

राख सिगारेटसारखी टिचकीने पाडू नका. दोन-अडीच सेंटीमीटर झाली की राखदाणीच्या कडेला टेकवून हळूच फिरवा. राख निखाऱ्याला झाकते आणि जळण थंड ठेवते. पांढरी राख म्हणजे उत्तम सिगार, हे मात्र खरं नाही. तो रंग जमिनीतल्या मॅग्नेशियमसारख्या खनिजांवर ठरतो. बँड, म्हणजे सिगारवरची कागदी पट्टी, पहिल्या दहा मिनिटांत ओढून काढू नका. उष्णतेने डिंक सैल झाला की तो आपोआप निघतो, आधी काढलात तर रॅपर फाटतो.

सोबत काय घ्यावं

लसूण-मिरचीचं जेवण, त्यावर बडीशेप, आणि वर मसाल्याचा विडा. यानंतर मीडियम सिगारची चव कळणं अशक्य आहे. लवंग आणि मेंथॉल जिभेवर बराच वेळ राहतात. पीटचा धुरकट वास असलेली व्हिस्कीही त्याला गिळून टाकते. त्यापेक्षा कमी साखरेची फिल्टर कॉफी, मुरलेली रम किंवा नुसता सोडा. साधं पाणी जवळ हवंच.

विकत घेताना

काचेच्या झाकणाच्या पेटीतले क्यूबन सिगार खोटे असतात. क्यूबा तशी पेटी बनवतच नाही. खऱ्या पेटीवर हिरवट वॉरंटी सील आणि तळाला कारखान्याचा सांकेतिक शिक्का, महिना आणि वर्ष असतं. भारतात कायद्याने विकल्या जाणाऱ्या पेटीच्या मुख्य दर्शनी भागाच्या ८५ टक्क्यांवर आरोग्याचा सचित्र इशारा लागतो. तो नसेल तर माल चोरवाटेने आलेला आहे आणि वाटेत तो कुठल्या गोदामात तापला हे कुणी सांगू शकत नाही. १८ वर्षांखालच्यांना विक्री आणि सार्वजनिक ठिकाणी धूम्रपान, दोन्हींवर बंदी आहे.

शेवटचा तृतीयांश भाग गरम होऊ लागला, कडवटपणा फुंकरीनेही जाईना, की थांबा. चोळून विझवू नका, त्याने खोलीभर उग्र वास सुटतो. राखदाणीत आडवा ठेवा. पाच-सात मिनिटांत तो आपणच विझतो.