मोसमाआधी आशांची वही कशी मांडावी: स्पर्सच्या चाहत्यांसाठी

बास्केटबॉलच्या मोसमाची पहिली लढत सुरू होण्याआधी एक कोरी वही घ्या आणि यंदा आपल्या संघाकडून काय हवंय ते तारीख घालून लिहून काढा. मनात ठेवलेली आशा पाच विजयांत आभाळाला टेकते आणि पाच पराभवांत मातीला मिळते. साखळी संपताना एप्रिल येईपर्यंत आपण मुळात काय मागितलं होतं तेच आठवत नाही. तरुण संघाच्या चाहत्याला तर ही वही हवीच, कारण असा संघ दर आठवड्याला वेगळं रूप दाखवतो.

मी सांगलीच्या मार्केट यार्डात हळदीच्या एका अडत दुकानात हिशेब बघते. दिवाळीत आमच्याकडे वहीपूजन होतं, नव्या वह्या उघडतात, आणि त्याच सुमारास अमेरिकेत एनबीए या व्यावसायिक बास्केटबॉल लीगचा मोसम सुरू होतो. दुकानाच्या वह्या आणताना मी सॅन अँटोनियो स्पर्ससाठी एक वही जास्तीची आणते. २०१४ साली मी कॉलेजच्या संघात गार्ड, म्हणजे चेंडू हाताळून खेळ चालवणारी, म्हणून खेळायचे. त्या वर्षी स्पर्सनं अंतिम मालिकेत मायामी हीटला ४-१ असं हरवलं. चेंडू एकाच्या हातात थांबतच नव्हता. पास, पास आणि मोकळा सापडेल त्याची फेक. असं खेळता येतं हे मला तेव्हा कळलं, आणि हा संघ माझा झाला. धाकटा भाऊ मिरजेत असतो. तो व्हिक्टर वेम्बान्यामा हा तरुण खेळाडू संघात आल्यावर स्पर्सचा झाला. पहाटे त्याचा फोन येतो, "ताई, उठलीस का? काय खेळायलंय बघ पोरगं!"

२०२५-२६ च्या मोसमासाठी मी वही कशी मांडली ते सांगते. तुमचा संघ दुसरा असला तरी पद्धत हीच चालेल.

आधी मागचा मोसम नीट वाचा

२०२४-२५ मध्ये स्पर्सनं ८२ पैकी ३४ लढती जिंकल्या, ४८ हरल्या. पश्चिम विभागातल्या १५ संघांत १३वा क्रमांक आला. एवढं लिहून पान उलटू नका. खाली दोन रकाने पाडा. एकात दुर्दैवानं जे बिघडलं ते, दुसऱ्यात खेळानं जे बिघडलं ते.

पहिल्या रकान्यात यंदा बरंच आहे. २ नोव्हेंबर २०२४ ला कोच ग्रेग पॉपोविच यांना पक्षाघाताचा सौम्य झटका आला. त्यांच्या नावावर पाच अजिंक्यपदं आणि साखळी सामन्यांत १,४२२ विजय, एवढे विजय एनबीएमध्ये दुसऱ्या कुठल्याच कोचचे नाहीत. ते मैदानावर परतलेच नाहीत, उरलेल्या ७७ लढती त्यांचे सहायक मिच जॉन्सन यांनी सांभाळल्या. मे २०२५ मध्ये पॉपोविच यांनी कोचपद सोडलं आणि जॉन्सन कायमचे कोच झाले. फेब्रुवारीत वेम्बान्यामाच्या उजव्या खांद्यात रक्ताची गुठळी सापडली, त्याचा मोसम ४६ लढतींवर थांबला. त्याच महिन्यात सॅक्रामेंटोहून आलेला डी'ॲरन फॉक्स १७ लढती खेळला आणि करंगळीच्या शस्त्रक्रियेसाठी बाहेर गेला.

दुसरा रकाना भरताना मन घट्ट करा. स्पर्सनं लढतीमागे केले त्यापेक्षा सरासरी जवळजवळ तीन गुण जास्त दिले. स्टेफॉन कॅसल वर्षातला सर्वोत्तम नवा खेळाडू ठरला खरा, पण त्याच्या तीन गुणांच्या फेकींपैकी २८.५ टक्केच बास्केटमध्ये गेल्या. चाळिशीला टेकलेला ख्रिस पॉल सगळ्या ८२ लढती खेळला आणि अडचणीच्या वेळी चेंडू त्याच्याच हातात असायचा. तो २०२५ च्या उन्हाळ्यात लॉस एंजेलिस क्लिपर्सकडे गेला. ते काम कोण करणार, हा प्रश्न मी ठळक अक्षरात लिहिलाय.

पहिल्या रकान्यातलं पुढच्या वर्षी आपोआप सुटू शकतं, दुसऱ्यातलं सरावाशिवाय सुटत नाही. "सगळे फिट झाले की आपण जिंकणारच" असं म्हणणारे चाहते दुसरा रकाना रिकामा सोडतात.

बाकीच्या तरुण संघांची चाल बघा

या पानाला सगळ्यांत जास्त वेळ द्या. तरुण संघ कसा वाढतो हे गेल्या काही वर्षांत चार-पाच ठिकाणी डोळ्यांदेखत घडलंय.

ओक्लाहोमा सिटी थंडर बघा. २०२१-२२ मध्ये २४ विजय, मग ४०, मग ५७, मग ६८, आणि जून २०२५ मध्ये इंडियानाविरुद्ध सातव्या लढतीपर्यंत झुंजून अजिंक्यपद. पायऱ्या चढल्यासारखं दिसतं, पण त्यांचा मोठा खेळाडू चेट होल्मग्रेन पायाच्या दुखापतीनं २०२२-२३ चा पूर्ण मोसम बाहेर होता. तो नसतानाही संघ २४ वरून ४० वर गेला आणि तो आल्यावर ५७ वर. मोठा खेळाडू नसताना बाकीच्यांनी खेळायला शिकणं, थंडरची वाढ मला त्या वर्षात दिसते.

डेट्रॉइट पिस्टन्स २०२३-२४ मध्ये फक्त १४ लढती जिंकले, त्यात सलग २८ पराभव. पुढच्या वर्षी ४४ विजय! मुख्य खेळाडू केड कनिंगहॅम तोच होता, कोच जे. बी. बिकरस्टाफ नवे आले आणि टोबायस हॅरिस, मलिक बीझली, टिम हार्डवे ज्युनियर असे अनुभवी खेळाडू सोबतीला आले. ह्यूस्टनचंही तसंच: २२ विजय, मग कोच इमे उडोका आणि अनुभवी खेळाडू फ्रेड व्हॅनव्हलीट आल्यावर ४१, मग ५२.

आणि आता ऑर्लँडो, जे स्पर्सच्या प्रत्येक चाहत्यानं पाठच करावं. चार वर्षांतले विजय असे: २२, ३४, ४७, ४१. स्पर्सही २२ वरून ३४ वर आलेत, म्हणजे पुढचा आकडा ४७ असू शकतो. मात्र त्याच्या पुढचा ४१ आहे, कारण २०२४-२५ मध्ये त्यांचे मुख्य खेळाडू पाओलो बँकेरो आणि फ्रांझ वॅग्नर या दोघांचेही पोटाच्या बाजूचे स्नायू फाटले. वाढ झाली की ती टिकेलच असं धरू नका.

स्पर्सचा स्वतःचा अनुभवही याच पानावर हवा. वेम्बान्यामा येण्याआधीच्या वर्षी २२ विजय होते आणि तो आल्यावर, २०२३-२४ मध्ये, पुन्हा २२च. त्यात सलग १८ पराभव. तो तेव्हा ७१ लढती खेळला होता, सर्वोत्तम नवा खेळाडूही ठरला होता. एका माणसानं संघ पालटतो असं कुणी म्हणालं तर हे पान दाखवा.

विजयांचा आकडा

आकडा हवेत धरू नका, गेल्या वर्षीचा उंबरा बघा. पश्चिम विभागात पहिले सहा संघ थेट प्लेऑफ्समध्ये, म्हणजे साखळीनंतरच्या बाद फेऱ्यांत जातात, सातव्या ते दहाव्याला उरलेल्या जागांसाठी प्ले-इन खेळावं लागतं. २०२४-२५ मध्ये सहाव्या मिनेसोटाचे ४९ विजय होते आणि दहाव्या डॅलसचे ३९. म्हणजे ३४ वरून पाच-सहा विजय वाढले तर प्ले-इनच्या दारात, पंधरा वाढले तर थेट आत.

मोसम चालू झाला की विजयांपेक्षा गुणफरकावर, म्हणजे केलेले गुण वजा दिलेले गुण यावर नजर ठेवा. सोपा हिशेब असा: लढतीमागच्या सरासरी गुणफरकाला २.७ नं गुणा आणि ४१ मध्ये मिळवा. सरासरी ३ गुणांनी पुढे असाल तर ४९ च्या आसपास, ३ नं मागे असाल तर ३३ च्या आसपास. स्पर्सचा गेल्या वर्षीचा ३४ चा आकडा याच हिशेबात बसतो. पहिल्या महिन्यात दोन-तीन लढती शेवटच्या फेकीवर सुटतात, त्यानं विजयांचा आकडा फसवा होतो. गुणफरक तितका फसवत नाही.

आणखी खोलात जायचं तर हातानं चेंडूच्या पाळ्या, म्हणजे चेंडू किती वेळा संघाच्या ताब्यात आला ते मोजा. संघानं घेतलेल्या फेकी, त्यात फ्री थ्रोची (फाउलबद्दल मिळालेल्या मोकळ्या फेकींची) संख्या गुणिले ०.४४ मिळवा, आपल्याच चुकलेल्या फेकीवर पुन्हा पकडलेले चेंडू, म्हणजे रिबाउंड, वजा करा, टर्नओव्हर (फेक घेण्याआधीच गमावलेले चेंडू) मिळवा. समजा ८८ फेकी, २२ फ्री थ्रो, असे १० रिबाउंड आणि १४ टर्नओव्हर, तर पाळ्या साधारण १०२. तेवढ्यात ११२ गुण केले तर दर १०० पाळ्यांना ११० गुण झाले. गेल्या मोसमात सगळ्या संघांची सरासरी ११४-११५ होती, म्हणजे ११२ गुण दिसायला भरघोस असले तरी त्या दिवशी आक्रमण कमीच पडलं. रविवारी ज्या मुलींना मी बास्केटबॉल शिकवते त्यांच्याकडूनही हा हिशेब करून घेते. त्यांना तो आवडतो, कारण टर्नओव्हरची किंमत त्यात उघडी पडते.

एका खेळाडूकडून एकच मागणं

प्रत्येकाकडून दहा गोष्टी मागितल्या तर एकही नीट तपासली जात नाही. मागणं असं हवं की एप्रिलमध्ये हो किंवा नाही लिहिता येईल.

वेम्बान्यामाकडून माझं मागणं आहे ६५ लढती. गेल्या मोसमात त्यानं सरासरी २४ गुण, ११ रिबाउंड आणि ३.८ ब्लॉक (समोरच्याच्या अडवलेल्या फेकी) दिले. त्याहून जास्त मागायची मला गरज वाटत नाही. बहुतेक मोठ्या पुरस्कारांसाठी किमान ६५ लढतींची अट २०२३-२४ पासून आहे, त्यामुळे सर्वोत्तम बचावपटूचा मान गेल्या वर्षी त्याच्या हातातून गेला. पण पुरस्कार बाजूला ठेवा. खांद्यात गुठळी निघालेला एकवीस वर्षांचा मुलगा पूर्ण हिवाळा खेळला, एवढं मला पाहायचंय. त्याच्या तब्येतीची काळजी वाटते आणि ती लिहायला मला संकोच वाटत नाही.

कॅसलकडून तीन गुणांची फेक ३३ टक्के. त्याहून कमी राहिली तर समोरचा बचाव त्याला मोकळा सोडून वेम्बान्यामाभोवती गोळा होणार.

डिलन हार्पर हा २०२५ च्या ड्राफ्टमधला, म्हणजे नव्या खेळाडूंच्या निवडीतला, दुसरा, वय एकोणीस. सप्टेंबरमध्ये त्याच्या डाव्या अंगठ्याची शस्त्रक्रिया झाली. त्याच्याकडून आकडा मागू नका. कॅसलच्या पहिल्या वर्षाशी त्याची तुलना तर अजिबात करू नका, कारण कॅसलला मिळाली तेवढी मोकळी जागा त्याला मिळणार नाही. फॉक्स, कॅसल, हार्पर, तिघांनाही चेंडू हातात हवा असतो. तिघांपैकी दोघे एका वेळी मैदानावर असताना ज्याच्या हातात चेंडू नाही तो काय करतो, कापत आत जातो की कोपऱ्यात उभा राहतो, हे वहीत टिपून ठेवा. स्वतः गार्ड खेळल्यामुळे सांगते, हे शिकायला सगळ्यांत जास्त वेळ लागतो.

काय बघायचं, कधी बघायचं

पूर्ण लढत बघायला वेळ नसेल तर वेम्बान्यामा बाकावर बसतो ती मिनिटं शोधून बघा. संघ किती वाढलाय ते त्याच मिनिटांत कळतं. बोस्टनहून ल्यूक कॉर्नेटला आणलंय ते याच मिनिटांसाठी. ती बरोबरीत सुटली तरी मी समाधानी असेन.

वेळेचं गणित: सॅन अँटोनियोत संध्याकाळी सातची लढत म्हणजे आपल्याकडे दुसऱ्या दिवशी पहाटे साडेपाच. नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी तिकडची घड्याळं एक तास मागे जातात, मग तीच लढत साडेसहाला. लॉस एंजेलिसची लढत असली की आपल्याकडे आठ-नऊ वाजतात आणि कामाच्या दिवशी ती अर्धीच बघायला मिळते. पहिली लढत डॅलसमध्ये आहे, २३ ऑक्टोबर २०२५ ला सकाळी सातला, समोर यंदाच्या ड्राफ्टमधला पहिला, कूपर फ्लॅग. त्या दिवशी भाऊबीज आहे. भाऊ आदल्या रात्रीच मुक्कामाला येतोय आणि ओवाळणी लढतीनंतर.

वही मात्र रोज उघडू नका. वीस-वीस लढतींनी उघडा. मधला एक टप्पा फेब्रुवारीचा ठेवा. सॅन अँटोनियोत तेव्हा जनावरांचं मोठं प्रदर्शन आणि रोडिओ भरतो, त्यासाठी संघाचं मैदान दिलं जातं आणि स्पर्स काही आठवडे बाहेरगावी खेळत राहतात. आमच्याकडेही प्रदर्शन भरलं की मैदान जातं आणि मुली दुसरीकडे सराव करतात, त्यामुळे या दौऱ्याबद्दल मला विशेष आपुलकी आहे. तरुण संघ इथे थकतो किंवा घट्ट होतो. दौऱ्याआधीचा आणि नंतरचा गुणफरक शेजारी शेजारी लिहा.

माझ्या वहीत यंदा

४५ विजय. वेम्बान्यामाच्या ६५ लढती. कॅसलचे ३३ टक्के. हार्परचा अंगठा पूर्ण बरा. मिच जॉन्सन यांच्याबद्दल पहिल्या दहा पराभवांत कुणी "पॉपोविच असते तर" म्हणू नये, हे चाहत्यांकडून मागणं. आणि सॅन अँटोनियोत प्लेऑफ्सची लढत. या मोसमाआधी शेवटची झाली ती एप्रिल २०१९ मध्ये. तोवर सलग २२ वर्षं हा संघ प्लेऑफ्समध्ये होता. वेम्बान्यामाला तिथं खेळताना मला बघायचंय, आणि ते यंदाच घडावं असं मला मनापासून वाटतं.

भावानं त्याच्या पानावर ५२ विजय लिहिलेत, माझ्या सगळ्या आकडेमोडीनंतरही. मी ते खोडायला सांगितलं नाही. ऑर्लँडोचा ४७ धरला तरी तो पाचानंच पुढे आहे, आणि पिस्टन्सनी एका वर्षात तीस विजय वाढवून दाखवलेत. दोन्ही पानं डिसेंबरच्या सुरुवातीला, वीस लढती झाल्यावर उघडू.