पोलीस अधिकाऱ्याची रखडलेली बढती आणि थकीत वेतन : गोव्यात दाद कशी मागावी

रखडलेल्या बढतीचा आदेश अखेर निघतो, तेव्हा त्याच्या शेवटच्या परिच्छेदात बहुधा एक वाक्य असते : ‘पदोन्नती अमुक दिनांकापासून मानीव समजण्यात येत असून प्रत्यक्ष आर्थिक लाभ कार्यभार स्वीकारल्याच्या दिनांकापासून देय राहतील.’ म्हणजे बढती कागदोपत्री मागच्या तारखेपासून, पण वाढीव पगार मात्र रुजू झाल्यापासूनच. पेढे वाटण्याच्या घाईत अधिकाऱ्याचे या वाक्याकडे लक्ष जात नाही, लेखा शाखेचे मात्र नेमके तिकडेच असते. बढतीची तारीख आणि त्या तारखेपासूनचा पगार हे दोन वेगळे हक्क आहेत. ते वेगवेगळे मागावे लागतात आणि वेगवेगळे सिद्ध करावे लागतात, हे पहिल्या अर्जापासून ध्यानात ठेवावे.

प्रथम बढती नेमकी कशामुळे अडली, ते कागदावर शोधावे. उपनिरीक्षकाला निरीक्षक होण्याचा हक्क आपोआप मिळत नाही. त्याला हक्क असतो तो नियमांनुसार विचार होण्याचा. त्यामुळे ‘पद रिकामे होते’ एवढे म्हणून भागत नाही. सेवाज्येष्ठता यादी चुकली, पदोन्नती समितीची बैठकच झाली नाही, गोपनीय अहवालातील श्रेणी कमी पडली, की चौकशी संपेपर्यंत समितीचा निष्कर्ष मोहोरबंद पाकिटात ठेवला गेला, यावर पुढची सारी मांडणी अवलंबून असते. आपल्याहून कनिष्ठ अधिकाऱ्याला बढती मिळाली असेल, तर त्याच्या आदेशाची तारीख हा दाव्याचा सर्वांत भक्कम खुंटा ठरतो.

भरती नियम शासकीय राजपत्राच्या पहिल्या मालिकेत सापडतात. अंतिम सेवाज्येष्ठता यादी, समितीच्या बैठकीचे इतिवृत्त आणि स्वतःचे गोपनीय अहवाल माहिती अधिकार कायदा, २००५ खाली मागवावेत. उत्तरासाठी तीस दिवसांची मुदत असते. इतर अधिकाऱ्यांचे अहवाल मागू नयेत, कारण ती वैयक्तिक माहिती म्हणून नाकारली जाते आणि त्या वादात आपलेच महिने जातात. प्रतिकूल शेऱ्यामुळे बढती हुकली असेल, तर तो शेरा किंवा श्रेणी आपल्याला कळवली होती का, हे पाहावे. प्रत्येक नोंद कर्मचाऱ्याला कळवलीच पाहिजे, असे सर्वोच्च न्यायालयाने देव दत्त प्रकरणात २००८ मध्ये ठरवले आहे.

यानंतर योग्य मार्गाने, म्हणजे वरिष्ठांमार्फत, एकच मुद्देसूद निवेदन द्यावे आणि आपल्या प्रतीवर आवक क्रमांक व तारखेचा शिक्का घ्यावा. त्यात मागितलेली तारीख, कनिष्ठाचा आदेश, लागू असलेला नियम आणि थकबाकीची स्वतंत्र मागणी, एवढे असले की पुरे. गोव्यात अशा वेळी आमदारांकडे किंवा मंत्र्यांच्या बंगल्यावर जाण्याची सवय फार रुजलेली आहे. राज्य लहान आहे, ओळख सहज निघते. पण सेवेच्या बाबतीत बाहेरचे वजन आणणे वर्तणूक नियमांना धरून नाही, आणि पोलिसांना तर १९६६ च्या पोलीस दल (हक्कांवर निर्बंध) कायद्यानुसार परवानगीशिवाय वृत्तपत्रांकडेही जाता येत नाही. वरिष्ठांच्या हाती नवे दोषारोपपत्र देण्याची ही सोपी वाट आहे.

खरा धोका वेळेचा आहे. ‘विचार चालू आहे’ या तोंडी आश्वासनावर वर्षे निघून जातात, आणि एकामागून एक स्मरणपत्रे पाठवल्याने जुना दावा जिवंत राहत नाही, हे न्यायालयांनी पुनःपुन्हा सांगितले आहे. पदोन्नती डावलल्याची तक्रार सहा महिन्यांत, फार तर वर्षभरात न्यायालयात आणावी, असे सर्वोच्च न्यायालयाने सदाशिवस्वामी प्रकरणात १९७४ मध्ये सुचवले. तरसेम सिंग प्रकरणातील २००८ च्या निकालाने आणखी एक भेद स्पष्ट केला. दरमहा चुकीचा पगार मिळणे ही सतत घडणारी चूक असल्याने त्यासाठी उशिरा आले तरी दाद मिळू शकते, परंतु थकबाकी साधारणपणे याचिकेपूर्वीच्या तीन वर्षांपुरतीच मिळते. आणि जिथे ज्येष्ठता बदलल्याने इतरांची जागा हलते, तिथे उशीर दाव्याच्या मुळावर येतो. म्हणून निवेदनाला काही महिन्यांत उत्तर आले नाही, की वकील गाठावा.

महाराष्ट्रात अशा तक्रारी ‘मॅट’पुढे, म्हणजे महाराष्ट्र प्रशासकीय न्यायाधिकरणापुढे, जातात. गोव्यात राज्य कर्मचाऱ्यांसाठी तसे सेवाविषयक न्यायाधिकरण नाही. घटनेच्या अनुच्छेद २२६ खाली थेट मुंबई उच्च न्यायालयाच्या पर्वरी येथील गोवा खंडपीठात रिट याचिका दाखल होते.

याचिकेत राज्य सरकार आणि पोलीस महासंचालक यांच्याबरोबरच ज्यांची ज्येष्ठता खाली येऊ शकते त्या अधिकाऱ्यांनाही प्रतिवादी करावे लागते. उद्या त्यांच्याच बरोबर म्हापशाला किंवा वास्कोला ड्युटी करायची आहे, या संकोचाने त्यांची नावे वगळल्यास याचिका त्याच मुद्द्यावर कोसळू शकते. मागण्या सुट्या मांडाव्यात : बढतीचा फेरविचार करणाऱ्या पुनर्विलोकन समितीची बैठक, कनिष्ठाच्या तारखेपासून बढती व ज्येष्ठता, त्या तारखेपासूनच्या वेतनातील फरक, त्यावरील व्याज, आणि निवृत्ती झाली असेल तर निवृत्तिवेतन व उपदानाची (ग्रॅच्युइटीची) फेरआकारणी.

पैशांच्या मागणीला सरकारचे ठरलेले उत्तर असते : काम नाही, तर दाम नाही. पलुरु रामकृष्णय्या प्रकरणातील १९८९ चा निकाल त्याला आधार देतो. त्याविरुद्ध जानकीरामन प्रकरणातील १९९१ चा निकाल उभा आहे. कर्मचारी काम करायला तयार असताना प्रशासनानेच त्याला विनादोष दूर ठेवले असेल, तर हा नियम लागू होत नाही, असे तो सांगतो. रमेश कुमार प्रकरणात २०१५ मध्ये हीच भूमिका पुन्हा घेतली गेली. दरम्यान २००७ च्या भास्करन पिल्लई निकालाने सरसकट नियम नाही, प्रत्येक प्रकरणाची वस्तुस्थिती पाहावी, असे म्हटले. तेव्हा याचिकेत वस्तुस्थितीच ठासून लिहावी : आपण पात्र होतो, आपण कधीही बढती नाकारली नाही, विलंब आपल्यामुळे झाला नाही आणि वरच्या पदाचा कार्यभार कधी सांभाळला असेल तर त्याचे आदेश हे आहेत. अनेक याचिकांत तारखेवर वीस पाने आणि पगारावर दोन ओळी असतात. निकालही मग त्याच प्रमाणात मिळतो.

मोहोरबंद पाकिटाच्या प्रकरणातही जानकीरामनच उपयोगी पडतो. नुसती प्राथमिक चौकशी चालू असणे हे पाकीट बंद करण्याचे कारण होऊ शकत नाही. दोषारोपपत्र दिलेले असले पाहिजे. पूर्ण निर्दोष सुटल्यास पाकीट उघडून कनिष्ठाच्या तारखेपासून बढती द्यावी लागते, मात्र संशयाचा फायदा मिळून सुटका झाली असेल तर थकबाकीबाबत प्रशासनाला सकारण निर्णयाची मोकळीक उरते. निलंबन झाले असेल, तर सरकारी सेवेच्या मूलभूत नियमांतील (फंडामेंटल रूल्स) नियम ५४-बी खाली त्या कालावधीचा आदेश आधी मिळवावा; तो कालावधी कर्तव्यकाळ धरला गेला नाही, तर वेतनवाढी आणि थकबाकीचे गणित तिथेच बिघडते.

अनुकूल निकाल मिळाल्यावर त्याची प्रमाणित प्रत ताबडतोब विभागाला सादर करून पोच घ्यावी आणि सोबत महिनावार तक्ता जोडावा : देय रक्कम, मिळालेली रक्कम, फरक, आणि महागाई भत्ता व वेतनवाढीचे वेगळे रकाने. हे काम लेखा शाखेवर सोपवल्यास महिने जातात. मोठी थकबाकी एकाच वर्षी हाती आली की प्राप्तिकर वाढतो. ती मागील वर्षांत विभागून सवलत मिळते, पण त्यासाठीचा अर्ज विवरणपत्रापूर्वी ऑनलाइन भरावा लागतो. न्यायालयाने दिलेली मुदत उलटूनही पालन झाले नाही, तर अवमान याचिका एका वर्षाच्या आत दाखल करावी.