डोळ्यात औषध घालताना: एकच थेंब, पण नेमक्या जागी

मोतीबिंदूचं ऑपरेशन अर्ध्या तासाच्या आत उरकतं. खरी मेहनत पेशंट घरी आल्यावर सुरू होते. एक ड्रॉप दर दोन-तीन तासांनी, दुसरा दिवसातून चार वेळा, रात्री मलम, आणि हे सगळं महिना-दीड महिना. घालणारं माणूस घरचंच. शिकवणारं मात्र कुणी नसतं. कंपाउंडर चिठ्ठीवर खुणा करून देतो आणि ‘घालत राहा’ म्हणतो, तेवढंच. मी घरातल्या थोरामोठ्यांच्या डोळ्यांत वर्षानुवर्षं औषध घालत आले आहे. त्यामुळे ‘दोन थेंब टाक गं, एक तरी आत जाईल’ हा सल्ला ऐकला की मला राहवत नाही.

हात साबणाने धुवा, कॉन्टॅक्ट लेन्स असेल तर काढा, बाटलीवरचं नाव चष्मा लावून वाचा. कानाचे ड्रॉप अगदी तशाच बाटलीत येतात. औषध पांढुरकं, दुधट असेल (ऑपरेशननंतर देतात ते प्रेडनिसोलोन ॲसिटेट असंच असतं) तर ते तळाशी बसतं, म्हणून प्रत्येक वेळी नीट हलवायचं. न हलवता घातलंत तर पहिले काही दिवस पातळ पाणी जातं आणि शेवटी सगळा साका.

आता थेंब आत कसा जाईल ते. माझ्या सासूबाई बाटली दिसली रे दिसली की डोळा गच्च मिटायच्या. थेंब डोळ्याच्या कडेच्या सुरकुतीतून ओघळत कानाच्या पाळीपर्यंत जायचा, आणि त्या विचारायच्या, “अगं, गेला का आत?” मला हेच सर्वांत जड गेलं. पुढे कळलं की गोंधळ दोन ठिकाणी होता: त्या बाटलीकडे बघत होत्या आणि मी नेम बुबुळावर धरत होते. बुबुळावरचा पारदर्शक पडदा हा शरीरातला अत्यंत नाजूक, संवेदनशील भाग. त्यावर वरून थेंब पडला की कुणीही दचकणारच.

थेंबाची जागा खालच्या पापणीच्या आत आहे. पेशंटला आडवं झोपवा किंवा खुर्चीच्या पाठीवर मान मागे टेकवू द्या. “आई, वर पंख्याकडे बघा, बघतच राहा,” असं म्हणा. नजर वर गेली की बुबुळ वर सरकतं आणि बाटली दिसत नाही. एका हाताचं बोट गालाच्या हाडावर ठेवून खालची पापणी हळूच खाली ओढा. आत गुलाबी खाच उघडते, तीच आपली जागा. बाटलीचा हात पेशंटच्या कपाळावर टेकवा, म्हणजे त्यांनी मान हलवली तरी हात बरोबर हलतो आणि टोक डोळ्यात खुपत नाही. टोक डोळ्यापासून दीड-दोन सेंटिमीटर वर असू द्या. पापणीला, पापणीच्या केसांना, आपल्या बोटाला, कशालाही ते लागता कामा नये. एकदा लागलं की जंतू बाटलीत शिरतात आणि मग रोज तेच डोळ्यात जातात.

एवढं करूनही डोळा मिटत असेल तर जबरदस्तीने उघडू नका, ऑपरेशनच्या डोळ्याला तर मुळीच नाही. त्यांना उताणं झोपवा, डोळा मिटलेलाच राहू द्या, नाकाकडचा कोपरा स्वच्छ करून तिथे थेंब सोडा आणि मग सावकाश डोळा उघडायला सांगा. थेंब आपोआप आत उतरतो. लहान मुलांसाठीही मी हीच पद्धत वापरते, रडारड होत नाही.

थेंब एकच. डोळ्यात मावतं जेमतेम 30 मायक्रोलिटर, आणि बाटलीतून पडणारा एक थेंब साधारण 30 ते 50 मायक्रोलिटरचा असतो. दुसरा थेंब गालावरच जाणार. पहिला चुकून बाहेर पडल्याचं दिसलं तरच पुन्हा घाला.

थेंब पडला की उघडझाप करायला सांगतात, ते चूक. उघडझाप केली की औषध नाकाकडच्या नळीतून घशात उतरतं. काही ड्रॉप घातल्यावर घसा कडू होतो तो त्यामुळेच. डोळा अलगद मिटा आणि आतल्या कोपऱ्यावर, नाकाच्या हाडाकडे, एक-दोन मिनिटं बोट दाबून धरा. दाब हाडावर हवा, डोळ्याच्या गोळ्यावर अजिबात नको. ताजं ऑपरेशन असेल तर बोट लावायचं का, हे आधी डॉक्टरांना विचारा. नुसता डोळा मिटून ठेवला तरी फायदा होतो. काचबिंदूसाठी टिमोलॉल चालू असेल तर हे टाळू नका. ते रक्तात गेलं की नाडी मंदावू शकते, दम्याच्या माणसाला धाप लागू शकते. दमा असेल तर डॉक्टरांना आधीच सांगा.

दोन वेगळ्या ड्रॉपमध्ये किमान पाच मिनिटं जाऊ द्या, नाहीतर दुसरा पहिल्याला धुऊन टाकतो. मलम सगळ्यांत शेवटी, दहा मिनिटांनी: त्याच खाचेत तांदळाच्या दाण्याहून थोडी लांब रेघ, ट्यूबचं टोक न टेकवता. थोडा वेळ धूसर दिसतं, म्हणून झोपताना घालावं.

बाटली फोडल्याची तारीख पेनाने तिच्यावरच लिहा. बहुतेक ड्रॉप महिन्याने टाकून द्यायचे, उरले असले तरी. फ्रिजमध्ये ठेवा असं लिहिलं असेल तरच ठेवा.

उरलेली बाटली शेजारणीला देऊ नका, तिची आपण घेऊ नका. उसाचं पातं डोळ्याला लागून लाल झालं आणि घरात पडलेला स्टेरॉइडचा ड्रॉप घातला, तर त्या जखमेत बुरशीचा संसर्ग झालेला असल्यास तो आणखी बळावतो आणि नजर जाऊ शकते. मध, तूप, गुलाबपाणी, अंगावरचं दूध यांतलं काहीही डोळ्यात घालायचं नाही, घरातलं मोठं माणूस कितीही आग्रह करो.

ऑपरेशननंतर दुखणं वाढत चाललं, दिसायचं कमी झालं, लाली वाढली किंवा पू येऊ लागला, तर पुढच्या तपासणीच्या तारखेची वाट बघू नका. रविवार असला तरी त्याच दिवशी डॉक्टरांना फोन करा, आणि जाताना चालू असलेल्या सगळ्या बाटल्या पिशवीत घालून न्या.