शांघायला राहायला जाताय? आधी फोनचं बघा

गोव्यातून कुणी शांघायला नोकरीला निघालं की पहिला प्रश्न ठरलेला, तिथं शीत-नुस्तं मिळतं का. मिळतं हो, भात आणि मासळी दोन्ही भरपूर, नारळाच्या दुधाचे डबेही मिळतात, त्याची काळजी सोडा. पण बॅगेत चोरीस (आपलं गोव्याचं पोर्क सॉसेज), सुकी सुंगटां (कोळंबी) नाहीतर मानकुराद आंबे भरू नका, मांस, मासळी आणि ताजी फळं आत न्यायला बंदी आहे, कस्टमवाले काढून घेतात.

खरी अडचण फोनची. व्हॉट्सअ‍ॅप, गूगल, जीमेल, यूट्यूब तिथं बंद, आणि ज्याच्यावर ते अख्खं शहर चालतं ते मेसेज आणि पेमेंटचं अ‍ॅप वीचॅट आपल्याकडे 2020 पासून बंद, म्हणजे घरच्यांशी बोलायला दोन्हीकडून कुलूप. म्हणून आपलं सिम बंद करू नका, इंटरनॅशनल रोमिंग चालू करून सोबत न्या, रोमिंगचा डेटा आपल्या इथल्या सिम कंपनीच्या नेटवर्कवरून येतो त्यामुळे त्यावर व्हॉट्सअ‍ॅप चालतं आणि बँकेचा ओटीपीही त्याच नंबरवर येणार. घरी आणि तुमच्याकडे दोन्हीकडे आयफोन असेल तर फेसटाइम चालतं, निघायच्या आधी आईला समोर बसवून दोनचारदा कॉल लावून घ्या. ऑफर लेटर, पासपोर्टची कॉपी, राहायचा पत्ता चिनी लिपीत, हे सगळं फोनमध्येच सेव्ह करा, जीमेलमध्ये ठेवलंत तर ऐनवेळी उघडणार नाही.

तिथलं सिम पासपोर्ट दाखवून दुकानातच घ्या. मग वीचॅट. नवीन खातं उघडताना स्क्रीनवर एक क्यूआर येतो आणि तो आधीपासून वीचॅट वापरणाऱ्या कुणीतरी स्कॅन करून द्यावा लागतो, अनोळखी माणूस सहसा देत नाही, तेव्हा ऑफिसमधल्या कुणाला तरी आधीच सांगून ठेवा. वीचॅटमध्ये आणि अलीपे या पेमेंट अ‍ॅपमध्ये आपलं व्हिसा किंवा मास्टरकार्डचं कार्ड जोडता येतं, फक्त आपल्या बँकेत इंटरनॅशनल पेमेंट चालू करून घ्या. एका वेळी 200 युआनच्या आत फी नाही, वर गेलं की 3 टक्के लागतात. थोडी कॅश ठेवाच.

आता सगळ्यात महत्त्वाचं. हॉटेलात उतरलात तर तुम्ही कुठं राहता याची पोलिसांकडची नोंद हॉटेलवालेच करतात, पण भाड्याच्या घरात किंवा मित्राकडे राहिलात तर 24 तासांच्या आत ती तुम्हालाच करायची असते, जवळच्या पोलीस ठाण्यात नाहीतर ऑनलाइन. पासपोर्ट आणि भाडेकरार हाताशी ठेवा, घरमालकाच्या ओळखपत्राची कॉपीही मागून घ्या. नोंदीचा कागद जपा, वर्क व्हिसावर गेलेल्यांना 30 दिवसांत रेसिडेन्स परमिटसाठी अर्ज करायचा असतो तेव्हा तो मागतात. घर बदललं की नोंद परत. इथं आळस नको, खरंच सांगतो, दंड होतो.

घर घेताना बहुतेक ठिकाणी एक महिन्याचं डिपॉझिट आणि तीन महिन्यांचं भाडं एकदम लागतं, तेवढे पैसे घेऊन जा. आणि हीटर बघून घर घ्या! बीजिंगला थंडीत सरकारी हीटिंग असतं, शांघायला नसतं, जानेवारीत घरातल्या घरात हातपाय गारठतात आणि आपल्याला तर तसल्या दमट थंडीची अजिबात सवय नाही, थर्मल इथून शोधत बसू नका, तिथं चांगले मिळतात.

नळाचं पाणी उकळूनच प्या. अ‍ॅम्ब्युलन्स 120, पोलीस 110.