आर्निस: दीड वर्ष मी चुकीच्या त्रिकोणावर चाललो

फिलिपिन्समधल्या दावाओ शहरात मेडिकलसाठी येणारी आपली मुलं विचारतात, "आर्निसचा, म्हणजे इथल्या काठीच्या लढाईचा, क्लास लावू का?" लावा. फक्त एक लक्षात ठेवा: पहिले सहा महिने सगळं लक्ष हाताकडे जातं. सिनावाली, म्हणजे दोन काठ्या विणल्यासारख्या फिरवायचा सराव, थोड्या दिवसांत हातात बसते, काठ्यांचा आवाज छान येतो आणि आपल्याला जमतंय असं वाटायला लागतं. माझं तसंच झालं. म्हणून हे फक्त पायांबद्दल लिहितोय.

आमचा वर्ग संध्याकाळी बारांगायच्या, म्हणजे इथल्या वॉर्डाच्या, बास्केटबॉल कोर्टवर भरायचा. शिक्षकांना आम्ही 'गुरो' म्हणायचो. शब्द मुळात संस्कृतातलाच, त्यामुळे तोंडात लगेच बसला. गुरोंनी पहिल्याच आठवड्यात जमिनीवर चिकटपट्टीने त्रिकोण आखून दिला. टोक आपल्या पायाशी आणि दोन्ही बाजू समोरच्याकडे उघडलेल्या, त्यावरून तिरकं पुढे जायचं. उलट्या त्रिकोणावरून तिरकं मागे सरकायचं. हे तुम्हाला कुठेही दाखवतील. मी खोलीतल्या फरशीवर तशीच पट्टी लावली आणि रोज रात्री अर्धा तास घोटत राहिलो: डावीकडे, मध्यावर (म्हणजे परत टोकाशी), उजवीकडे, मध्यावर. दीड वर्ष. डोळे मिटले तरी पाऊल पट्टीवरच पडायचं.

मग पहिल्यांदा मोकळ्या सरावाला उभा राहिलो. समोर वर्गातला एक कुया होता, म्हणजे आपल्याकडचा दादा. पहिल्या वाराला मी तिरकं पाऊल टाकून नीट सुटलो. दुसऱ्या वाराच्या वेळी पाय सवयीने मध्यावर परत आला आणि काठी नेमकी तिथेच आली. बोटांवर बसली. हातमोजे घातले नव्हते. (घालाच.) तीन आठवडे पेन धरता येईना आणि परीक्षा तोंडावर आलेली. त्या रात्री मला खरंच रडू आलं, कारण मेहनतीत मी कुठेही कमी पडलो नव्हतो.

चूक कुठे होती ते सावकाश सांगतो. त्रिकोण फरशीला चिकटलेला नसतो, तो समोरच्या माणसाला बांधलेला असतो. तुमच्या आणि त्याच्या छातीमध्ये एक रेषा धरा. त्याचा जोर त्या रेषेवर असतो. तुम्ही तिरकं पाऊल टाकून रेषेबाहेर पडलात की जुना त्रिकोण संपला. आता तुमची नवी जागा आणि त्याची छाती यांच्यात नवी रेषा तयार झाली, आणि नव्या त्रिकोणाचं टोक आत्ता तुमच्या पायाखाली आहे. पुढचं पाऊल तिथूनच निघायला हवं. मध्यावर परत जाणं म्हणजे ज्या रेषेवरून सुटलात तिच्यावर स्वतःच्या पायांनी पुन्हा जाऊन उभं राहणं. शिवाय तोही हलतो. तो जरासा वळला की तुमचा 45 अंशांचा कोन बिघडला, आणि बाहेर पडणारं पाऊल थेट त्याच्या पुढ्यात पडतं. म्हणून प्रत्येक पावलानंतर आधी स्वतःचा रोख त्याच्या छातीकडे वळवा आणि मगच पुढचं पाऊल उचला. मी दीड वर्ष पाऊल घोटलं, ते बरोबर होतं. पण त्याच्या जोडीला परतणंही घोटलं गेलं, आणि ते कुणाच्या लक्षात आलं नाही.

मला उपयोग झाला तो असा. पट्टी काढून टाकली. सुरुवातीच्या जागी एक चप्पल ठेवली. जोडीदाराने अगदी हळू वार करायचा, मी सुटलो की त्याने माझ्याकडे वळून पुन्हा वार करायचा. दहा वारांत चपलेवर पाय पडला की पुन्हा एकपासून. कुया सारखा म्हणायचा, "हिनाय-हिनाय", बिसाया भाषेत हळूहळू. सवय सुटायला मला चार महिने लागले. तुम्ही पहिल्यापासून असं केलंत तर इतका वेळ लागणार नाही.

गुडघ्याचं मात्र मनावर घ्या. सिमेंटच्या कोर्टवर रबरी तळव्याचे बूट पकडून धरतात. सगळं वजन टाकलेला पाय तसाच रोवून अंग वळवलंत तर पीळ गुडघ्याला बसतो आणि आतली गादी फाटू शकते. टाच उचलून चवड्यावर वळा, गुडघा आणि बोटं एकाच दिशेला ठेवा. दुखायला लागलं तर त्या दिवशी थांबा.

जमिनीवर शिडी आखून भराभर नाचण्याने दम वाढतो, पण समोरच्याला बघून पाऊल टाकता येत नाही, असं माझं ठाम मत आहे. शनिवार-रविवारच्या शिबिराच्या प्रमाणपत्रावरही विसंबू नका. 2009 च्या कायद्याने आर्निस हा फिलिपिन्सचा राष्ट्रीय खेळ आहे, शिकवणारे मिळतात. त्यांतला जो स्वतः तुमच्यासमोर उभा राहून वार करतो, त्याच्याकडे जा. आणि एका वेळी एकच पद्धत धरा. सेबू बेटावरच्या बालिन्तावाक या पद्धतीत सगळा खेळ कोर्तोत, म्हणजे अगदी जवळून चालतो. तिथली छोटी पावलं लार्गोत, लांबच्या अंतरावर वापरलीत तर तुम्ही पोचतच नाही.

घरी मर्दानी खेळ शिकलेलं कुणी असेल तर त्यांना पवित्रे विचारा. मी सुट्टीत कोल्हापूरला आत्याच्या सासऱ्यांना माझी पावलं दाखवली. ते काही बोलले नाहीत. हातातली लाठी घेऊन माझ्याभोवती गोल फिरायला लागले, आणि मला त्यांच्याकडे तोंड ठेवण्यासाठी जागा बदलावीच लागली.